मजकूर वाचावा कसा? : मुक्ता साळवेच्या निबंधाच्या निमित्ताने

जयंतीच्या सभांतून मुक्ता साळवेचे नाव आता हटकून घेतले जाते, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, 'ज्ञानोदय'ने तो १८५५ साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला, एवढे वक्ता सांगतो. टाळ्या पडतात. वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. अशाच एका सभेनंतर आमच्या अभ्यासमंडळातील मुलामुलींना मी विचारले, की हा निबंध तुमच्यापैकी किती जणांनी वाचला आहे? बारा जण बसले होते. दोघांचे हात वर गेले. त्यांतल्या एकाने प्रामाणिकपणे सांगितले, की आपण वाचले ते फलकावर रंगवलेले दोन ओळींचे अवतरण.

निबंध लहानसा आहे. एका बैठकीत मोठ्याने वाचून सहज संपतो. आम्ही तो वाचायला चार रविवार घेतले. त्या चार रविवारांत काय घडले ते इथे मांडतो आहे, कारण ठिकठिकाणी अभ्यासमंडळे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना त्याचा काही उपयोग व्हावा असे वाटते.

आपल्या दृष्टीने वाचनाचा प्रश्न हा केवळ शिक्षणशास्त्राचा प्रश्न नाही. ज्यांच्या कित्येक पिढ्या कागदापुढे उभ्या राहिल्या त्या फक्त अंगठा उठवण्यासाठी, त्यांच्या लेखी लिहिलेला शब्द ही दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू होती. वहीत काय लिहिले आहे ते सावकाराने वाचून दाखवायचे, पोथीत काय लिहिले आहे ते भटाने सांगायचे, आणि आपण मान डोलवायची. अक्षर हाती आले तेव्हा ही सवय मोडायला हवी होती. ती पुरती मोडली नाही. शाळा-कॉलेजात आपण परीक्षेसाठी वाचतो. म्हणजे प्रश्न दुसऱ्याने काढलेले, उत्तरे गाइडात छापलेली, आपले काम पाठ करण्याचे. चळवळीत आपण श्रद्धेने वाचतो. म्हणजे वाक्ये वहीत उतरवून घेतो आणि भाषणात पेरतो. या दोन्ही ठिकाणी आपण स्वतः मजकुराला एकही प्रश्न विचारलेला नसतो. सावकाराची वही आणि आपल्या महापुरुषांचा ग्रंथ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे उघडच आहे. परंतु मान डोलवण्याची क्रिया तीच राहिली तर तो फरक आपल्यापर्यंत पोहोचणार कसा?

बाबासाहेबांची वाचण्याची रीत अगदी वेगळी होती. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांच्या संग्रहातील पुस्तके आहेत. त्यांत लाल-निळ्या पेन्सिलींच्या रेघा दिसतात. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते, ड्यूईंविषयी त्यांना मोठा आदर होता, आणि त्याच ड्यूईंच्या पुस्तकांची पाने त्यांनी अशी रेघांनी भरून टाकली. ज्यांना आपण मानतो त्यांच्याही पुस्तकावर पेन्सिल चालवायची असते. ज्यांना मानत नाही त्यांचे तर अक्षर न् अक्षर तपासायचे असते. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ सालच्या त्यांच्या ग्रंथात महाभारताच्या शांतिपर्वातील एका श्लोकाचा प्रश्न आहे. त्या श्लोकात पैजवन नावाच्या राजाला शूद्र म्हटले आहे. बाबासाहेब तेवढ्यावर थांबत नाहीत. ते निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठ एकाखाली एक मांडतात. कुठे राजाच्या नावाची अक्षरे बदलली आहेत. कुठे तर 'शूद्र' हा शब्दच जाऊन त्याच्या जागी 'पूर्वी' अशा अर्थाचा 'पुरा' हा शब्द येऊन बसला आहे. एका शब्दाच्या जाण्या-येण्याकडे त्यांनी असे बोट दाखवले. त्यांचा निष्कर्ष एखाद्याला पटेल, एखाद्याला पटणार नाही. परंतु वाचन कशाला म्हणतात हे त्या पानांवरून कळते. आणि जोतीरावांची १८७३ सालची 'गुलामगिरी' तर धोंडिबाच्या प्रश्नांच्या आधारानेच पुढे सरकते. प्रश्न विचारणारा माणूस आपल्या परंपरेत ग्रंथाच्या आतच बसवलेला आहे.

आता आमच्या रविवारांकडे वळतो.

निबंधाच्या प्रती काढताना एकच काळजी घेतली. डावा समास चांगला चार बोटे रुंद ठेवला आणि ओळींत अंतर सोडले. प्रत्येकाच्या हातात शिसपेन्सिल दिली, पेन नाही. कारण लिहिलेले पुसता आले पाहिजे. (कागद जास्त लागतो अशी तक्रार आली. फलकांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नाही.) पहिल्यांदा एकाने निबंध सलग मोठ्याने वाचला, बाकीच्यांनी ऐकला. त्यावर कोणी बोलायचे नाही असा नियम होता. दुसऱ्या वाचनात फक्त शब्दांखाली रेघा मारायच्या होत्या. जो शब्द आपल्या धाकट्या भावंडाला समजावून देता येणार नाही, त्याखाली रेघ. 'अवघड शब्द' असे म्हटले की मुले संस्कृत शब्द शोधू लागतात आणि ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवरून निर्धास्त पुढे जातात. घात ओळखीचे शब्दच करतात.

तसेच झाले. 'दफ्तर' या शब्दाखाली कोणीही रेघ मारली नव्हती. निबंधात एक जागा अशी आहे, की कोणा मांगाला किंवा महाराला वाचता येते असे बाजीरावाला कळले तर तो चिडून विचारी, की आता काय ब्राह्मणांनी दफ्तराचे काम यांच्या हाती देऊन स्वतः बगलेत धोकटी मारून विधवांची डोकी भादरीत फिरायचे? पुढे त्या वाचणाऱ्याला शिक्षा. एका मुलाने या जागेचा अर्थ सांगितला : दफ्तर म्हणजे शाळेची पिशवी, म्हणजे बाजीराव मुलांच्या शाळेत जाण्यावर चिडला आहे. चूक त्याची नव्हती. आज दफ्तर म्हणजे पाठीवरची पिशवीच. परंतु त्या काळी दफ्तर म्हणजे सरकारी कागदपत्रे, त्यांची नोंद, ती राखणारी कचेरी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, म्हणजे या निबंधानंतर दोनच वर्षांनी निघालेली. त्या पिढीचे मराठी वाचताना हा कोश जवळ असावा. आजच्या कोशात आजचा अर्थ सापडेल, आणि आजच्या अर्थाने कालचे वाक्य फसवे होते.

'धोकटी' मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. विहाराच्या ओट्यावर नातवाला घेऊन बसलेल्या एका आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, न्हाव्याची पिशवी. वस्तरा, कातर, वाटी, समदं तिच्यात." आजींना अक्षर येत नाही. त्या रविवारी आमच्या शब्दकोशाचे निम्मे काम त्यांनी केले, आणि पुढच्या तिन्ही रविवारी त्या आपण होऊन आत येऊन बसल्या.

दोन शब्दांचे अर्थ लागल्याबरोबर ते वाक्य पार पालटले. भीती शाळेची नाही. भीती अशी, की ज्यांच्या हाती नोंदी आहेत त्यांच्या हातून त्या जातील. कोणाची जमीन कोणाच्या नावावर, कोणाचे वतन, कोणाला काय दंड झाला, हे सारे जे लिहितात त्यांचे राज्य असते. आणि लेखणी गेली तर काय उरेल? धोकटी. म्हणजे त्याच एका वाक्यात न्हाव्याच्या कामाचाही तिरस्कार आहे. आणि ज्यांची डोकी भादरायची त्या ब्राह्मणांच्याच घरातल्या विधवा. त्यांचे दुःख बोलणाऱ्याच्या गावीही नाही, ते केवळ त्याच्या उपमेचे साहित्य आहे. वाचू पाहणारा अस्पृश्य, लेखणीवाला ब्राह्मण, धोकटीवाला न्हावी आणि केशवपनाची विधवा, असा चार जणांचा समाज मुक्ताने बाजीरावाच्या तोंडच्या एका प्रश्नात उभा केला आहे. आम्ही त्या वाक्यापाशी जवळजवळ तासभर बसलो. फलकावर हे वाक्य मी कधी पाहिलेले नाही.

शेंदराचेही असेच. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरीत असत असे ती लिहिते. मुलांना शेंदूर ठाऊक होता तो मारुतीच्या अंगावरचा. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, विषारी आहे, ही टीप विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने दिली. शेंदूर पोटात गेला की गाणाऱ्याचा आवाज जातो असे लोक म्हणत आले आहेत, ही आजींनी घातलेली भर. या दोन टिपा समासात शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या आणि त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

शब्द लागले की प्रश्न सुचू लागतात. प्रश्नांविषयी मुलांना सुरुवातीला मी एवढेच सांगितले, की ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येते तो प्रश्न लिहू नका, आणि लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी निबंधातच शोधा. याचे एक चांगले उदाहरण घडले. ब्राह्मणांची मुले दगड मारून मांग-महारांच्या मुलांचे रक्त काढीत, तरी ही माणसे सरकारात फिर्याद करीत नसत, असे एका ठिकाणी आहे. एका मुलीने समासात लिहिले, "का नाही गेले?" चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले अज्ञान, कोणी म्हणाले भीती, एकाने गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्याविषयी छोटेसे भाषणच केले. मी त्यांना फक्त पुढे वाचायला सांगितले. उत्तर तिथेच, लगतच्याच मजकुरात होते : पाळीपाळीने उष्टे मागायला जायचे ते त्यांच्याच दारी. फिर्याद केली तर उद्या भाकरी कुठली? मुक्ताने कारण अज्ञानात शोधले नव्हते, पोटात शोधले होते. आपण मात्र तिचा मजकूर बाजूला सारून आपल्या ठरलेल्या उत्तरांकडे धावलो होतो. पुढारी म्हणून वाचण्याची ही आपल्याला जडलेली खोड आहे, आणि ती माझ्यातही आहे.

काही प्रश्नांची उत्तरे निबंधात नसतात. त्यांसाठी बाहेर जावे लागते. हा बाजीराव कोणता? दोघे पेशवे त्या नावाचे. मुलांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातला घोड्यावरचा बाजीराव होता. निबंधातला तो नव्हे. हा दुसरा बाजीराव, १७९६ ते १८१८ पर्यंत पेशवा असलेला. तालीमखान्यावरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू होई असे मुक्ता सांगते ती याच्या राज्याविषयी. (गुलटेकडी आजही आहे; पुण्याचा मार्केट यार्ड तिथे भरतो. भाजीच्या ट्रकवर हमाली करणाऱ्या आमच्या एका मुलाच्या मामाने ती जागा रोज पाहिली आहे.) मग पुढचा प्रश्न : मुक्ताचा जन्म १८४१च्या सुमाराचा, पेशवाई बुडाली १८१८ साली. तिने हे पाहिलेले नाही. तिला कळले कसे?

या प्रश्नाला वर्गात थोडा विरोध झाला. असा प्रश्न विचारणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असे एकाचे म्हणणे. मला तसे वाटत नाही. आपला विरोधक हा प्रश्न विचारणारच आहे. तो आधी आपण विचारलेला बरा. हिशेब केला तर असे दिसते, की १८५५ साली पन्नाशी-साठीत असलेला माणूस पेशवाईच्या अखेरीस वयात आलेला असणार. म्हणजे मुक्ता लिहीत होती तेव्हा पाहिलेली पिढी वस्तीत जिवंत होती. आम्ही समासात दोन खुणा ठरवल्या. जिथे ती स्वतः पाहिलेले सांगते तिथे 'पा', ऐकलेले सांगते तिथे 'ऐ'. गुलटेकडीपाशी 'ऐ' आले, छप्पर नसलेल्या घरातल्या बाळंतिणीपाशी 'पा'. 'ऐ' म्हणजे खोटे नव्हे. ती एका वस्तीची स्मृती आहे. दुसऱ्या साधनांशी ताडून पाहिल्याशिवाय तिला अमुक तारखेची घटना म्हणता येणार नाही, आणि ताडून पाहण्याची साधने कोणाच्या हाती होती हे 'दफ्तर' या शब्दाने आधीच सांगून ठेवले आहे.

एक चूकही सापडली. बाजीराव काशीला जाऊन मेला असे ती लिहिते. तो वारला १८५१ साली, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला. एवढ्यावरून निबंध अविश्वसनीय ठरवणारे लोक असतात आणि ही चूक गुपचूप दुरुस्त करून छापणारे आपलेही लोक असतात. दोघेही वाईट वाचक. मजकुरातले अक्षर आहे तसे ठेवावे, समासात टीप लिहावी, एवढेच करायचे असते. उत्तरेला गंगेकाठी गेलेला माणूस पुण्याच्या मांगवाड्यातल्या मुलीला काशीला गेल्यासारखाच.

पण या काशीच्या वाक्याला लागूनच जे येते, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मुक्ता तिथे असे म्हणते, की बाजीराव तर गेला, परंतु त्याच्या सहवासाचा गुण इथल्या महाराला लागला, आणि तोही आता मांगाची सावली अंगावर पडू नये म्हणून दूर सरतो.

पहिल्या रविवारी सलग वाचन करणाऱ्या मुलाने हे वाक्य झरकन वाचून टाकले होते. तिसऱ्या रविवारी आम्ही त्यावर आलो तेव्हा खोलीत दोन्ही वस्त्यांतली मुले होती, आणि सगळे आपापल्या कागदाकडे पाहू लागले. समासात कोणीच काही लिहीना. अखेर मातंग वस्तीतून येणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, हे वाक्य फलकावर का नाही लिहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मुक्ता साळवेवर मी निदान दोन सभांतून बोललो आहे. वेदांना कोणी आपली मालमत्ता म्हणत असेल तर आम्ही धर्मावाचूनचेच ठरलो, हा तिचा तर्क मी दोन्ही वेळा रंगवून सांगितला; हे वाक्य दोन्ही वेळा गाळले. गाळायचे असे ठरवून नव्हे. ते माझ्या नजरेत भरलेच नाही, आणि नजरेत न भरणे हीच गाळण्याची सर्वांत सोयीची तऱ्हा असते. हस्तलिखितातून 'शूद्र' शब्द कोणी काढला हे विचारणाऱ्या बाबासाहेबांचे आपण वारस. आपल्या सभेतून हे वाक्य कोणी काढले?

वाक्य पुन्हा वाचले. आता प्रश्न आले. 'सहवास' म्हणजे काय? ज्याला तालीमखान्यावरून जायची मुभा नाही त्याला बाजीरावाचा सहवास कुठला? म्हणजे हा शब्द उपरोधाचा आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. इथे तर पवळ्याला ढवळ्याच्या गोठ्यातही घेतलेले नाही, तरी गुण लागलाच. मग 'गुण' कुणाचा? विटाळ महाराने निर्माण केला असे ती म्हणत नाही. तो वरून आला असे म्हणते. पण महाराला त्यातून मोकळेही सोडत नाही. 'सरतो' या क्रियेचा कर्ता महारच आहे. वाक्याचा कर्ता शोधणे ही व्याकरणाच्या तासाची गोष्ट आहे असे आपण समजतो. एका मुलीने त्या कर्त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिले, "आम्ही." ती कोणत्या वस्तीची, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या एका मुलाने 'श्रेणीबद्ध विषमता' असे लिहिले. ते चुकीचे नव्हते. वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारी तुच्छता असे जातिव्यवस्थेचे जे रूप बाबासाहेबांनी पुढे उलगडून दाखवले, त्याचा अनुभव या वाक्यात आहे. परंतु त्या शब्दापाशी आपले नाव आणि आजची तारीख लिही, असे मी त्याला सांगितले. संज्ञा विसाव्या शतकातली आहे. ती मुक्ताच्या तोंडी घालू नये. तिने काय म्हटले आणि आपल्याला त्यावरून काय आठवले, यांत समासाची रेघ असू द्यावी. टीप मजकुरात मिसळली की पुढचा वाचक दोन्ही एकाच हाताचे समजतो.

चौथ्या रविवारी आम्ही एक सोपे काम केले आणि त्यातून अनपेक्षित बरेच निघाले. प्रत्येक परिच्छेदापुढे 'कोणाशी?' एवढेच लिहायचे. निबंधात बोलणाऱ्याचे तोंड सारखे फिरते. कधी ती ईश्वराशी बोलते, कधी पंडितांशी, शेवटाकडे मांग-महारांशी. पंडितांना ती सरळ आज्ञा करते, की तुमचे पांडित्य गुंडाळून ठेवा आणि ऐका. आपल्या लोकांनाही आज्ञाच करते, पण ती रोग्याला औषध घ्यायला लावणाऱ्या माणसाची : ज्ञान हे औषध आहे, ते घ्या. क्रियापदाचे रूप एकच, आवाज दोन. उघड्यावरच्या बाळंतिणीचे हाल सांगून, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती ज्यांना सांगते ते पंडितच. आमच्या आजी इथे मोठ्याने हसल्या. "पंडिताला बाळंतपणाचा कसला अनुभव?" हा प्रश्न आमच्या बाराजणांपैकी कोणालाही सुचला नव्हता. मुक्ताने हे जाणून लिहिले की ओघात आले, ते सांगता येत नाही. पण पंडिताला अनुभव नाही हीच तिथली अडचण आहे.

इंग्रज सरकारला ती दयाळू आणि निःपक्षपाती म्हणते, आणि काही ब्राह्मण आता आमच्यासाठी रात्रंदिवस झटतात, सगळे नव्हे, असेही लिहिते. या दोन जागा मुलांना अडचणीच्या वाटल्या. त्या पुसायच्या नाहीत. "कशाच्या तुलनेत दयाळू?" असा प्रश्न समासात लिहिला, की त्याचे उत्तर आधीच्या पानांवर मिळते. छापणाऱ्याचाही विचार करायला हवा. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले. आम्हाला कोणता धर्म ते कळव, अशी देवाला विनवणी करणारी अस्पृश्य मुलगी मिशनच्या संपादकाला आवडली असणार, असा तर्क एकाने केला. असेल. पण त्याच ठिकाणी कुराण, बायबल आणि वेद यांच्या आधाराने चालणाऱ्या सर्वांच्या धर्मांना तिने 'खरे-खोटे' हे एकच विशेषण लावले आहे. बायबल त्यातून वगळलेले नाही. संपादकाच्या पानावर राहून तिने आपला शब्द आपल्याच ताब्यात ठेवला होता.

आमच्या पद्धतीत उणिवा आहेत. ती संथ आहे. चार रविवारांत एक निबंध या गतीने ग्रंथसंग्रह संपायचा नाही. प्रश्नांचा नाद लागला की काही मुले मजकुराला नुसते कोपऱ्यात गाठू पाहतात, त्याच्याकडून काही घ्यायचे विसरतात. तिसऱ्या रविवारनंतर एक मुलगा यायचा बंद झाला, त्याच्या घरी जाऊन मी दोनदा बोललो, अजून तो आलेला नाही. फलक रंगवणाऱ्या मंडळींपुढे ते गाळलेले वाक्य ठेवले आहे. त्यांनी बघू म्हटले आहे.

पुढचा मजकूर मुलांनीच निवडला. संविधानाचे सतरावे कलम. दोनच वाक्ये आहेत, एका रविवारी होईल असे त्यांना वाटले होते. पहिल्याच वाचनात, 'कर्ता' शोधण्याची सवय लागलेल्या त्या मुलीने समासात लिहिले, की अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, पण केली कोणी, हे वाक्यात नाही. आणि त्याखाली : 'अस्पृश्यता' हा शब्द अवतरणचिन्हांत का घातला आहे, त्याची व्याख्या कुठे आहे? संविधानात ती दिलेली नाही. तीन रविवार झाले, आम्ही अजून त्या अवतरणचिन्हांपाशीच आहोत.